जुना 'सुपर मारिओ' बघवत नाही, काय करू?

पत्र: नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, पिवळ्या कॅसेटवाला. त्यावर मारिओ खेळतच मी मोठा झालो. २०२३ मध्ये आलेला मारिओचा अ‍ॅनिमेशनपट माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला फार आवडला. म्हणून आता १९९३ चा, खऱ्या माणसांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' मिळवला. आधी एकटाच बघायला बसलो आणि चाळीस मिनिटांत बंद केला. कासवं नाहीत, नाणी नाहीत, सगळं अंधारलेलं आणि कळकट. बायको म्हणते, कशाला वेळ घालवतोस? मेहुण्याचं म्हणणं, चार मित्र बोलाव आणि टिंगल करत बघ. मला टिंगल करायची नाही. हा सिनेमा सरळ मनाने, मजेत बघता येतो का? आणि लेकीला दाखवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: येतो. मात्र तुम्ही त्यात गेम शोधत बसलात आणि तो सापडत नाही म्हणून वैतागलात. या सिनेमात गेम भिंतींवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि पात्रांच्या पायांत आहे. कथेत तो फारसा नाही. त्यामुळे डोळे कुठे ठेवायचे हे ठरवून बसलात, तर १०४ मिनिटं मजेत जातील.

मेहुण्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवू. टिंगल करत बघायची मजा येते ती ज्यांना काहीच जमत नव्हतं अशा लोकांच्या सिनेमांत. इथे तसं नाही. कॅमेरा डीन सेमलर यांचा, ज्यांना त्याच्या थोडंच आधी, १९९० च्या 'डान्सेस विथ वुल्व्हज'साठी ऑस्कर मिळालं होतं. सेट डेव्हिड स्नायडर यांचे. 'ब्लेड रनर'चं ओलं, निऑन दिव्यांचं शहर उभारणाऱ्या कलादिग्दर्शकांपैकी ते एक. संगीत अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री यांचं. निर्माते रोलाँ जोफे, म्हणजे ज्यांनी एकच वर्ष आधी ओम पुरी आणि शबाना आझमींना घेऊन कोलकात्यात 'सिटी ऑफ जॉय' केला होता तेच. इतकी जाणती माणसं एकत्र येऊनही सिनेमा का विस्कटला, हे कळलं की त्याच्यावरचा अर्धा राग उतरतो. शिवाय चार जण मोठ्याने कोट्या करत बसले, तर पाट्या वाचायच्या राहून जातात.

विस्कटला तो असा. दिग्दर्शक जोडी रॉकी मॉर्टन आणि अ‍ॅनाबेल जँकेल, 'मॅक्स हेडरूम' हे टीव्हीवरचं संगणकी पात्र घडवणारी. त्यांना गडद, जरा मोठ्यांसाठीचा सिनेमा करायचा होता. पैसे आणि वितरण ज्यांच्या हाती होतं त्यांना सहकुटुंब बघण्याजोगा हवा होता. पटकथा अनेक हातांतून गेली आणि चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना पुन्हा लिहिली गेली. तोवर सेट, गाड्या, पोशाख आणि यंत्रं आधीच्या पटकथेप्रमाणे तयार झालेली होती. चित्रीकरण सुरू असतानाही संवाद बदलत राहिले. म्हणून पडद्यावर कितीतरी वस्तू दिसतात ज्यांचं स्पष्टीकरण कुणी देत नाही, आणि एका प्रसंगात पोरकट विनोद तर पुढच्यात छळछावणीसारखी खोली असा हिसका बसतो. मारिओ झालेले बॉब हॉस्किन्स यांनी पुढे मुलाखतीत आपलं सर्वांत वाईट काम म्हणून याच सिनेमाचं नाव घेतलं. सेटवर त्यांना काय भोगावं लागलं असेल ते त्यावरून कळतं, पण पडद्यावर त्यांनी अंग चोरलेलं कुठेच दिसत नाही. २८ मे १९९३ ला तो अमेरिकेत लागला आणि ११ जूनला 'जुरासिक पार्क' आला. डायनासोर बघायचे तर लोक कुठे जाणार हे उघडच होतं. चार कोटी डॉलरच्या वर खर्च झालेल्या या सिनेमाने अमेरिकेत जेमतेम दोन कोटी दहा लाख मिळवले.

आता 'कासवं नाहीत' या तक्रारीबद्दल. तुमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये बहुधा १९८५ चा पहिला मारिओ होता. आपल्याकडच्या तशा कॅसेटींमध्ये तोच असायचा, 'नऊ लाख गेम' असं छापलेलं असलं तरी. सिनेमाने मात्र नावं उचलली ती बरीचशी नंतरच्या गेममधून. इगी, स्पाइक, बूम बूम आणि बिग बर्था ही सगळी १९८८ च्या तिसऱ्या भागातली मंडळी. डेझी १९८९ च्या, हातात धरून खेळायच्या गेमबॉयवरच्या मारिओतली आणि योशी हा छोटा डायनासोर १९९० चा. म्हणजे जे आहे ते तुम्हाला ओळखू आलं नाही, आणि जे ओळखू आलं असतं ते नाही. शिवाय प्रत्येकाचं रूप पालटलेलं. बर्था गेममध्ये मोठ्ठा मासा आहे, इथे ती लाल कपड्यांतली धिप्पाड बाई. बूम बूम हा गेममधला किल्ल्याचा राखणदार, इथे नाचगाण्याचा बार. गुम्बा ही चालती अळंबी, इथे लांब कोट घातलेले, सहा-सात फुटी देहावर मुठीएवढं सरड्याचं डोकं असलेले शिपाई. कुपा हा काटेरी कवचाचा राजा, आणि इथे डेनिस हॉपर, कवचाऐवजी केसांच्याच काटेरी ओळी वळून बसवलेला. हे एकदा डोक्यात बसलं की सिनेमा ओळखपरेडीसारखा बघता येतो.

त्यासाठी कथा आधी माहीत करून घ्या. रहस्य फुटेल ही भीती सोडा. या सिनेमाचं नुकसान रहस्य फुटल्याने होत नाही, घाईघाईत सांगितलेल्या गोष्टी निसटल्याने होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली, तिच्या आघाताने विश्वाचे दोन भाग झाले. एका भागात आपण. दुसऱ्यात डायनासोर मेले नाहीत, तेच उत्क्रांत होत माणसासारखे दिसू लागले. त्यांच्याकडे एकच शहर उरलंय, डायनोहॅटन, बाकी वाळवंट. तिथला खरा राजा हटवून कुपा हुकूमशहा झालाय, आणि साधनसंपत्तीसाठी त्याला दोन्ही जगं पुन्हा जोडायची आहेत. त्यासाठी डेझी आणि तिच्या गळ्यातला उल्केचा तुकडा, दोन्ही हवेत. डेझी ही त्या राजाची मुलगी, अंड्यातून जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये जोगिणींच्या दाराशी सोडलेली. आता सर्वांत महत्त्वाचं: शहरभर जी चिकट बुरशी लोंबतेय, ती म्हणजे तो राजाच. कुपाने यंत्राने त्याची उत्क्रांती उलटी फिरवून त्याला बुरशी करून टाकलंय. तुम्हाला कळकट वाटलं ते बहुतेक हेच असणार. ती बुरशी मारिओला आणि त्याच्या धाकट्या भावाला, लुइजीला, अधूनमधून मदत करत असते. हे माहीत नसेल तर अर्धा सिनेमा नुसती घाण वाटतो. माहीत असेल तर प्रत्येक चौकटीत राजा कुठे लोंबतोय ते नजर शोधू लागते.

बसण्याची तयारीही जरा नीट हवी. सिनेमा मुळातच अंधारा आणि धुरकट आहे. दिवसाउजेडी, ट्यूबलाइट लावून बघितलात तर पडद्याचा खालचा अर्धा भाग काळाच दिसेल. खोलीत टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा पुरे. टीव्हीचा पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा. 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर धूर निळसर होतो आणि निऑनचे रंग एकमेकांत फाकतात. चित्र गुळगुळीत करणारी सोय बंदच करा. सॅमसंगवर तिचं नाव 'ऑटो मोशन प्लस', एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो'. ती चालू राहिली की सेकंदाला २४ चौकटींच्या सिनेमात टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून घालतो, आणि भव्य सेटसुद्धा मालिकेच्या स्टुडिओसारखा दिसू लागतो. या सिनेमाचा सेट हेच मुख्य भांडवल असल्यामुळे इथे ही चूक सर्वांत महागात पडते. चित्राचं प्रमाण १.८५ : १ आहे, म्हणजे आजच्या टीव्हीवर वर-खाली अगदी बारीक काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. माणसं बुटकी, रुंद दिसत असतील तर चित्र ताणलं गेलंय. चारही बाजूंनी जाड काळी चौकट असेल तर ती जुनी डीव्हीडी, तिथे झूम वापरा. सबटायटल लावाच. हॉस्किन्स इंग्लंडचे, पण ब्रुकलिनच्या इटालियन ढंगात बोलतात, आणि मागे सतत गाड्या, ठिणग्या, भोंगे चालू असतात. नावं कानांवर विसंबून कळत नाहीत.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं ब्रुकलिनची. ती घाईने ढकलू नका. दोन भावांचं नातं तिथेच उभं राहतं: मारिओने लुइजीला आई-बापाच्या जागी राहून वाढवलंय, आणि धंदा एका गुंड ठेकेदारामुळे बसत चाललाय. प्लंबरकाम इथे नावापुरतं नाही. उत्खननाच्या जागी पाणी भरतं तेव्हा दोघं पाने, साखळ्या घेऊन खाली उतरतात आणि खरोखर पाइपाशी झुंजतात. पुढेही संकटातून सुटका बऱ्याचदा त्या कंबरपट्ट्यातल्या हत्यारांनीच होते. गेमवर आधारलेल्या पुढच्या कितीतरी सिनेमांना नायकाच्या व्यवसायाचा एवढा उपयोग करता आला नाही.

डायनोहॅटनमध्ये पोहोचल्यावर मात्र सबुरी धरा, अगदी रिमोट हातात घेऊन. हा सेट उत्तर कॅरोलायनात विल्मिंग्टनजवळच्या एका बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात उभारला होता. आधीचे काँक्रीटचे खांब आणि मजले तसेच ठेवून त्यांत रस्ता, दुकानं, पूल, जिने रचले. म्हणून त्याला खरी उंची आणि खरं वजन आहे. गाड्या बघा: पेट्रोल नसलेल्या शहरात त्या जत्रेतल्या धक्कागाड्यांसारख्या डोक्यावरच्या जाळीतून वीज घेत पळतात, वर ठिणग्या उडतात. हे कुणी संवादात समजावत नाही. पाट्या वाचायला चित्र थांबवा. पायांत घालून उंच उड्या मारायच्या यांत्रिक बुटांचं नाव 'थ्वॉम्प स्टॉम्पर्स', गेममधल्या वरून आदळणाऱ्या दगडावरून घेतलेलं. त्यांत भरायच्या काडतुसांवर 'बुलेट बिल'. गेममधली उडी मारिओला आणायची कशी, याचं हे उत्तर आम्हाला तरी फार चतुर वाटतं. उत्क्रांती उलटवणारी बंदूक म्हणजे मारिओचा गेम काढणाऱ्या निन्टेन्डोचीच 'सुपर स्कोप', खेळण्याची बंदूक रंगवून वापरलेली. आणि शेवटाकडे चावीचा छोटा बॉम्ब, 'बॉब-ऑम्ब', टुकटुक चालत जातो तेव्हा त्याच्या तळव्यांकडे लक्ष द्या: तिथे रिबॉकचं नाव आहे. जाहिरात म्हणून निर्लज्ज, विनोद म्हणून झकास.

तुम्ही बंद केलात ते बहुधा पोलीस चौकी आणि तिथल्या यंत्राच्या आसपास. चौकीतला नावांचा घोळ पुन्हा बघा. आडनाव विचारल्यावर कळतं की थोरला 'मारिओ मारिओ' आणि धाकटा 'लुइजी मारिओ'. 'मारिओ ब्रदर्स' या नावाचा तर्क कुणीतरी एवढ्या गंभीरपणे शेवटपर्यंत नेला, यातच या सिनेमाची जात कळते. उत्तरार्धात लिफ्टचा प्रसंग आहे: गुम्बांनी भरलेल्या लिफ्टमध्ये अडकलेला लुइजी त्यांना संथ संगीतावर डोलायला लावतो. सिनेमातला सर्वांत जमलेला विनोद हाच. आणि योशी. आजची मुलं संगणकी प्राण्यांना सरावलेली असतात, पण हा योशी आतून तारा आणि यंत्रांनी हलणारा खराखुरा बाहुला आहे. त्याच्या पापण्या, श्वासाने हलणारं पोट, जिभेचा झटका बघा. अभिनेत्री त्याला हात लावते तेव्हा खरंच काहीतरी हाताला लागतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

काही गोष्टी मात्र कशाही बघितल्या तरी जमलेल्या नाहीत, त्या कबूल करून पुढे जा. वाळवंटातला भाग पसरट आहे. लुइजी-डेझीचं प्रेम फार घाईत उरकलंय. शेवटी दोन्ही जगं एकमेकांत मिसळतात तो प्रसंग सिनेमाचा कळस व्हायला हवा होता, तो काही मिनिटांत आटोपतो. तिथे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे विरघळताना दिसतात, त्या दृश्याला २००१ नंतर नको तो अर्थ चिकटला आहे. सांगून ठेवतो.

लेकीबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला दाखवायला हरकत नाही, पण एकटीला लावून देऊ नका. उत्क्रांती उलटवणाऱ्या खुर्चीचे प्रसंग लहानांना भीतीदायक वाटतात, विशेषतः गाणारा गरीब बिचारा टोड गुम्बा होतो तो. योशीला कुपाची साथीदार लीना सुरा खुपसते, ते कित्येक मुलांना माणसाच्या मरणापेक्षा जास्त लागतं, म्हणून तो प्रसंग येण्याआधी तिला सांगून ठेवा. कुपाची डेझीशी लगट आणि बारमधला नाच हे मोठ्यांच्या पट्टीत आहेत. दोन्ही छोटे आहेत, पुढे सरकवलेत तरी कथेचं काही अडत नाही. आणि 'हा तुझ्या आवडत्या सिनेमाचा जुना भाग आहे' असं मुळीच सांगू नका. त्या एका वाक्याने घोटाळा होतो, कारण मग ती राजकन्या पीच आणि रंगीत राज्य शोधत बसेल, जसे तुम्ही कासवं शोधलीत. 'मारिओ ही नावं घेऊन एका वेगळ्याच चमूने रचलेलं शहर' एवढंच सांगा, आणि एक कागद-पेन्सिल द्या: गेममधलं नाव किंवा वस्तू दिसली की लिहायची. वर दोन आमिषं आहेत. लीना झालेली फिओना शॉ म्हणजे हॅरी पॉटरची पेटुनिया मावशी. लुइजी झालेल्या जॉन लेग्विझामोचा आवाज तिने 'आइस एज'च्या सिडमध्ये नाहीतर 'एन्कॅन्टो'च्या ब्रुनोमध्ये ऐकलेला असणार. आवाज ओळखता येतो का, ही पैज लावून बघा.

आवृत्तीबद्दल एक सूचना. नेटवर एक लांब आवृत्तीही फिरते, साधारण वीस मिनिटं जास्तीची. २०१९ मध्ये सापडलेल्या कच्च्या संकलनाच्या व्हीएचएस कॅसेटवरून चाहत्यांनी ती साफसूफ करून २०२१ मध्ये पुढे आणली. त्यात ठेकेदाराच्या धंद्याचा भाग जास्त आहे, कुपाचे हस्तक इगी-स्पाइक बारमध्ये कुपाविरोधी रॅप म्हणतात, आणि कुपा किती क्रूर आहे हे दाखवणारा एक प्रसंग आहे जो लेकीसाठी नाही. कथेचे काही तुटलेले सांधे तिथे जुळतात. पण चित्र कॅसेटच्या दर्जाचं, त्यामुळे पाट्या वाचायची सोय जाते. आधी नेहमीची १०४ मिनिटांची, चांगल्या ब्लू-रेवरून केलेली प्रत बघा. ती आवडली तरच दुसरी.

बायकोला आग्रह करू नका. पण लिफ्टच्या प्रसंगाला सहज हाक मारा, चार मिनिटांचं काम आहे.

शेवट जवळ आला की लेकीला सांगून ठेवा: डेझी दारात येऊन 'पुन्हा मदत हवी' म्हणते आणि सिनेमा तिथेच संपतो, पुढचा भाग कधी निघालाच नाही. नावं वर सरकू लागली की रिमोटला हात लावू नका. ती संपल्यावर आणखी एक छोटा प्रसंग आहे. त्यात जपानी व्यावसायिक गेम काढण्याचा प्रस्ताव घेऊन येतात, तेही मारिओ-लुइजीकडे नव्हे, इगी आणि स्पाइककडे. गेमचं नाव काय ठेवायचं ते ती दोघंच ठरवतात. स्ट्रीमिंगवर बघत असाल तर नावं सुरू होताच पडदा लहान होऊन पुढचा सिनेमा सुचवला जातो, तेव्हा 'वॉच क्रेडिट्स' दाबायचं.